दोन धंदे, एक असामी : मोहतर्फ्याच्या याद्यांच्या वाचनासंबंधीं एक विचार

मोहतर्फ्याच्या याद्या, बाजारबैठकीचे हिशेब व घरपट्टीचे कागद यांवरून अमुक कसब्यांत इतके साळी, इतके तेली, इतके रंगारी होते असा आंकडा काढण्याची पद्धत आपल्याकडे रूढ आहे. यादींत तेल्यांच्या सदरीं एक घाणा व वाण्यांच्या सदरीं एक दुकान आढळलें म्हणजे वाचणारा दोन माणसें मोजतो. आमचें म्हणणें असें कीं, हीं दोन माणसें पुष्कळदां एकच असामी असते. आणि उलटपक्षीं यादींतील एका ओळीमागें तीन धंदे करणारें घर दडलेलें असूं शकतें. हा कर हत्यारावर व जागेवर बसे. म्हणून त्याचे कागद धंद्यांची गणना करतात, धंदेवाल्यांची करीत नाहींत. एकाहून अधिक धंदे स्वतःच्या जबाबदारीवर करणाऱ्या मनुष्याकडे सरकारनें निरनिराळ्या काळीं कोणत्या दृष्टीनें पाहिलें, व त्यानें आपला हिशेब कसा सांभाळला, हें ध्यानांत घेतल्याशिवाय त्या याद्यांचा अर्थ नीट लागणार नाहीं.

विषय सोलापुरच्या अनुरोधानें मांडण्याचें कारण उघड आहे. हें शहर मागांचें, आणि त्याच्या भोंवतालचा मुलूख कोरडवाहू ज्वारीचा. भीमा व सीना यांच्या खोऱ्यांत पाऊस बेभरवशाचा. अशा ठिकाणीं एकाच धंद्यावर संसार सोंपविणें शहाणपणाचें नव्हतें. साळी, कोष्टी, खत्री, मोमीन व तेलंगणांतून आलेले पद्मशाली हे सर्व विणकर म्हणून नोंदले गेले. पण विणणें, सूत रंगविणें, सूत विकणें, तयार लुगडीं घेऊन आठवड्याचे बाजार करणें, आणि हातांत चार पैसे खेळूं लागले म्हणजे शेजाऱ्यास उसने देऊन व्याज घेणें, या क्रिया एकाच ओसरीवर चालणें स्वाभाविक होतें. १८६० सालीं आगगाडी सोलापुरास आली व १८७७ त पहिली गिरणी निघाली, तेव्हां त्यांत गिरणीच्या मजुरीची भर पडली. वरच्या पायरीवरही प्रकार हाच. १८८२ सालीं सोलापुरांत जन्मलेले वालचंद हिराचंद हे सावकारी व कापसाच्या घरांतून निघून रेल्वेच्या कंत्राटांत शिरले, व पुढें जहाजें, साखर, विमानें व मोटारी इतका पसारा त्यांनीं मांडला. त्यांचें नांव इतिहासांत राहिलें. ओसरीवरच्या विणकराचें राहिलें नाहीं, आणि प्रस्तुत लेखाचा संबंध मुख्यतः त्याच्याशीं आहे.

या प्रश्नाचें बीज आपल्या प्राचीन ग्रंथांत सांपडतें. शामशास्त्री यांनीं १९०९ सालीं प्रसिद्ध केलेल्या कौटिलीय अर्थशास्त्राच्या पांचव्या अधिकरणांत, कोश रिता झाला असतां व्यापाऱ्यांकडून घ्यावयाच्या जादा कराची प्रतवारी दिली आहे. सोनें, रुपें, हिरे, मोतीं, घोडे व हत्ती विकणारे पन्नास करांचे. सूत, वस्त्र, तांबें, सुगंधी द्रव्यें, औषधें व मद्य विकणारे चाळिसांचे. धान्य, रसद्रव्यें व लोखंड विकणारे आणि गाड्यांवर व्यापार करणारे तिसांचे. कांचेचे व्यापारी व मोठे कारागीर विसांचे. लहान कारागीर दहांचे. आणि लांकूड, वेळू, दगड, मातीचीं भांडीं, शिजविलेलें अन्न व भाजीपाला विकणारे पांचांचे. आतां जो सकाळीं सूत विकतो व संध्याकाळीं ज्वारी मापतो, तो चाळिसांत धरावा कीं तिसांत? कीं दोन्हीं मिळून त्याजकडून सत्तर घ्यावे? त्या उताऱ्यांत याचें उत्तर नाहीं. परंतु दुसऱ्या अधिकरणांत गोप नांवाच्या अधिकाऱ्याचीं कामें सांगतांना ग्रंथकार घरोघरची मोजणी सांगतो: शेतकरी, गुराखी, व्यापारी, कारागीर, मजूर, दास किती, आणि त्यांचा आय-व्यय काय. म्हणजे घराचा आय-व्यय जाणणारें एक दप्तर व मालावर कर घेणारें दुसरें, अशी विभागणी तेव्हांच कल्पिलेली होती. दोन्ही दप्तरें एकमेकांस ताडून पाहावीं असें मात्र तेथें म्हटलेलें नाहीं.

मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायांत व्यापाऱ्यावर कर बसवितांना खरेदी, विक्री, वाटचाल, अन्नखर्च व मालाच्या रक्षणाचा खर्च हीं सर्व पाहावीं, असें सांगितलें आहे. निव्वळ नफ्यावर कर घेण्याची कल्पना ती हीच. त्याच अध्यायांत पुढें कारागीर, शिल्पी व अंगमेहनतीवर जगणारे यांच्याकडून राजानें दर महिन्यास एकेक काम करून घ्यावें, असें आहे. गौतम धर्मसूत्रांतही तोच नियम येतो, व कुल्लूकादि टीकाकार त्याचा अर्थ महिन्यांतून एक दिवस असा करतात. येथें एक व्याकरणाची मौज आहे. ‘एकैक’ हें विशेषण कर्माचें असलें तरी वांटणी माणसागणिक होते, कसबागणिक होत नाहीं. म्हणजे जो सुतारही आहे व लोहारही आहे, त्यानें एकच दिवस द्यावयाचा. स्मृतिकाराला हा प्रश्न सुचला होता असें आम्ही म्हणत नाहीं. पण वाक्याचा अन्वय असामीच्या बाजूनें आहे, व अर्थशास्त्रांतील प्रतवारी मालाच्या बाजूनें आहे, एवढें स्पष्ट दिसतें. पुढील सर्व इतिहास या दोन अन्वयांमधील ओढाताणीचा आहे.

एकाच जातीच्या वा श्रेणीच्या लोकांनीं एकच धंदा केला हा समज किती फोल आहे, याचा उत्तम पुरावा मंदसोर येथील शिलालेखांत आहे. मालव संवत् ५२९, म्हणजे इसवी सन ४७३ च्या सुमाराचा हा लेख वत्सभट्टीनें रचला. लाट देशांतून दशपुरास आलेल्या रेशीम विणणाऱ्यांची श्रेणी तेथें सूर्यमंदिर बांधते व पुढें त्याचा जीर्णोद्धार करते. परंतु त्या श्रेणींतील कोणी धनुर्विद्येंत निपुण झाले, कोणी कथा सांगण्यांत रमले, कोणी ज्योतिषी झाले, व कांहीं आपल्या विणकामांतच राहिले, असें कवि स्पष्ट सांगतो. हा लेख उपलब्ध नसता व केवळ करवसुलीची एखादी यादी हातीं आली असती, तर आपण त्या सर्वांस विणकर म्हणून मोकळे झालों असतों. तेलंगणांतून सोलापुरास आलेल्या विणकरांचा विचार करतांना हा लेख आम्हांस नेहमीं आठवतो.

आतां मराठेशाहीकडे येऊं. मोहतर्फा हा शब्द मूळ अरबी. हिर्फा म्हणजे कसब. त्यावरून मोहतर्फा म्हणजे कसबी लोक व पुढें त्यांजवरील कर. शब्द मनुष्यवाचक, पण आकारणी हत्यारावर, असा हा चमत्कार आहे. साळ्याचा माग, तेल्याचा घाणा, वाण्याचें दुकान, धनगराचीं बकरीं व राहतें घर, हीं आकारणीचीं मानें. बाजारीं बसणाऱ्यास बैठक वेगळी. ज्याच्या घरीं दोन माग व एक घाणा, त्यानें मागांबद्दल एका सदरीं व घाण्याबद्दल दुसऱ्या सदरीं भरावें. तिसरें घराबद्दल. त्याचें एकंदर उत्पन्न काय, याची चौकशी करण्याचें कारणच नव्हतें. उंबऱ्यांतून डोकावून हत्यारें मोजलीं कीं काम झालें. या पद्धतीचा गुण असा कीं कारकुनास माणसाचें पोट उघडून पाहावें लागत नसे. दोष असा कीं माग चालो वा बंद पडो, पट्टी सुटावयाची नाहीं. सूट हवी असल्यास अर्ज करावा, व माग मोडला हें दाखवावें.

यांत शेटे व महाजन यांचा भाग ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. कांहीं ठिकाणीं सरकार एखाद्या पेठेवर वा धंद्यावर ठोक आंकडा बसवी, व त्याची फाळणी त्या धंद्याचे पुढारी आपसांत करीत. अशा गांवीं दोन धंदे करणाऱ्यास दोन फाळण्यांस तोंड द्यावें लागे. साळ्यांचे पंच म्हणत, तूं सूत विकून मिळवितोस, वांट्यास अधिक ये. आणि वाणी म्हणत, दुकान मांडलेंस, आमच्या आंकड्यांत ये. धंदा लपविण्याची इच्छा अशा वेळीं सरकारापेक्षां शेजाऱ्याच्या भयानेंच होणार. यादींत नसलेला धंदा अस्तित्वांत नव्हता असें अनुमान करणें म्हणूनच धोक्याचें आहे.

पेठ वसविण्याचे जे कौल छापील साधनांत ठिकठिकाणीं आढळतात, त्यांचें वाचनही या दृष्टीनें पुन्हां झालें पाहिजे. नवीन येणाऱ्या उदमी व कसबी लोकांस अमुक वर्षें माफी, व पुढें इस्ताव्यानें चढती पट्टी, हा कौलांचा सामान्य प्रकार. परंतु ती माफी घरास आहे, मागास आहे, कीं असामीस आहे? माफीच्या मुदतींत माग घेऊन आलेल्या मनुष्यानें शेजारीं दुकान घातलें तर तें दुकान कौलांत मोडतें काय? उत्तर प्रत्येक कौलाच्या शब्दांत शोधावें लागतें. सारांश काढून मूळ शब्द गाळण्याची जी खोड आपल्या कांहीं प्रकाशनांस लागली आहे, तिनें नेमका हाच भाग नाहींसा होतो.

कुलकर्ण्याचें उदाहरण याहून निराळें. त्याचें वतन हें एक उत्पन्न, शेत दुसरें, व गांवांतील देवघेव तिसरें. वतनाचे हक्क सरकारच्या दप्तरीं नोंदलेले. शेताचा सारा त्यानेंच लिहावयाचा. आणि देवघेवीची नोंद घरच्या वहींत, जी सरकारास दिसण्याचें कारण नाहीं. गांवच्या कराचा हिशेब लिहिणाराच स्वतः तीन धंद्यांचा धनी असावा, ही गोष्ट गांवदप्तर वाचणारानें विसरूं नये. आम्ही कोणावर किटाळ घेत नाहीं. पण ज्याच्या हातीं लेखणी त्याची ओळ यादींत लहान असण्याचा संभव अधिक.

सोलापुरचा किल्ला १८१८ च्या मे महिन्यांत मन्रोच्या फौजेनें घेतला. इंग्रजांनीं मोहतर्फा कांहीं वर्षें तसाच चालविला. पुढें १८४४ च्या १९ व्या कायद्यानें मुंबई इलाख्यांतील शहरजकात, कसबपट्ट्या, मोहतर्फा, बलुतेदारांवरील पट्ट्या व धंद्यांवरील सर्व प्रकारचे कर उठविण्यांत आले. मद्रास इलाख्यांत मोहतर्फा त्यानंतरही चालू राहिला, व तेथील लोकांनीं १८५२ च्या सुमारास त्याविरुद्ध पार्लमेंटाकडे गाऱ्हाणें नेलें. आमच्या इकडील कसबी मनुष्य या कायद्यानें सुटला, यांत संशय नाहीं. पण संशोधकाच्या दृष्टीनें पाहतां तो अंधारांत गेला. १८४४ पासून १८६० पर्यंत सोलापुरांत कोणापाशीं किती माग व कोणतें दुकान होतें, हें धंद्याच्या कराच्या कागदांवरून कळण्याचा मार्गच उरला नाहीं.

१८५७ च्या धामधुमीनें सरकारी तिजोरींत खड्डा पडला, तो भरण्यास जेम्स विल्सन हे विलायतेहून आले व १८६० च्या ३२ व्या कायद्यानें त्यांनीं उत्पन्नावरील कर प्रथम लागू केला. त्याच वर्षीं ऑगस्टमध्यें ते कलकत्त्यास वारले. या कायद्यांत जमीन, धंदा व व्यापार, रोखे आणि पगार अशीं चार परिशिष्टें होतीं. दोनशें रुपयांपासून पांचशेंपर्यंत शेकडा दोन व पुढें शेकडा चार असा दर होता. हत्यारें मोजण्याची रीत गेली व उत्पन्न विचारण्याची आली. ज्यानें आजवर माग दोन एवढेंच सांगितलें होतें, त्यास आतां वर्षाकाठीं काय सुटतें हें सांगावें लागलें. हा कर १८६५ त संपला; १८६७ त परवाना-कर, १८६८ त दाखल्याचा कर, १८६९ त पुन्हां उत्पन्नावरील कर, व १८७३ त सर्वच बंद, असा धरसोडीचा काळ गेला. १८७६–७७ च्या दुष्काळानें सोलापूर जिल्हा होरपळला, आणि दुष्काळनिवारणाची तरतूद म्हणून १८७८ त मुंबई इलाख्यांत धंद्यांवर पुन्हां परवाना-कर बसला. त्यावरून एप्रिलांत सुरतेस दंगा झाला. ज्या विणकराचें शेत दुष्काळानें गेलें व जो केवळ मागावर तगला, त्यालाच दुष्काळासाठीं कर द्यावा लागला असल्यास नवल नाहीं. शेताची तूट मागाच्या जमेंतून वजा करण्याची सोय त्या कायद्यास ठाऊक नव्हती.

खरी बैठक १८८६ च्या दुसऱ्या कायद्यानें घातली. पगार व पेन्शन, कंपन्यांचा नफा, रोख्यांवरील व्याज आणि इतर उत्पन्न असे चार भाग. पांचशें रुपयांच्या खालीं माफी, ती १९०३ त हजारांपर्यंत वाढली. आणि शेतीचें उत्पन्न अजिबात बाहेर. सोलापुरच्या दुहेरी संसारास हें शेवटचें कलम फार महत्त्वाचें. शेतकऱ्यानें आपली ज्वारी खळ्यावर विकली तर तें शेतीचें उत्पन्न. पण तीच ज्वारी विकण्याकरितां त्यानें दुकान थाटलें, तर कायद्याची माफी तेथें थांबे. दाणा तोच, धनी तोच, केवळ ओटा बदलला. अर्थात् ज्याचें शेतही आहे व दुकानही आहे, त्यानें दोन वह्या ठेवणें आतां अवश्य झालें. पूर्वी ती केवळ सोय होती.

आणि दोन वह्या ठेवल्या म्हणजे खर्चाचा झगडा आलाच. बैलांनीं दिवसा औत ओढलें व बाजारच्या दिवशीं सुताचीं पेंडकीं वाहिलीं. कडबा कोणत्या वहींत लिहावा? पोरगा सकाळीं शेतावर व दुपारीं गल्ल्यावर. त्याच्या जेवणाचा खर्च कोणता? कर शेतावर नाहीं, दुकानावर आहे. तेव्हां कडबा दुकानाच्या नांवें टाकण्याचा मोह स्वाभाविक आहे. १९२२ च्या कायद्यानें केवळ त्या धंद्याकरितां झालेलाच खर्च वजा मिळेल असें ठरविलें, व १९३९ च्या दुरुस्तीनें तो नियम अधिक कडक शब्दांत मांडला. जुन्या वह्यांत ‘निमे शेत निमे दुकान’ अशा धर्तीची नोंद आढळली, तर ती लिहिणाऱ्याच्या प्रामाणिकपणाची खूण समजावी कीं त्याला मिळालेल्या सल्ल्याची, हें वर्ष पाहून ठरवावें. १८८६ च्या पूर्वींची असेल तर ती कराकरितां लिहिलेली नाहीं, भावाभावांच्या वांटणीकरितां लिहिली आहे, असें बहुधा निघेल.

१८८६ च्या कायद्यांतही माणूस एक झाला नव्हता. प्रत्येक भागाचा दर त्या भागापुरता. दोन हजारांखालीं रुपयास चार पै व दोन हजार किंवा अधिक झाल्यास पांच पै, असा पगाराचा दर होता. उदाहरणादाखल एका शिक्षकाचा पगार वर्षास बाराशें व त्याच्या छापखान्याची प्राप्ति पंधराशें धरूं. पगारावर चार पैप्रमाणें पंचवीस रुपये झाले. दोन्हीं मिळून सत्तावीसशें होतात, म्हणून पगारासही पांच पै लावले असते तर एकतीस रुपये चार आणे झाले असते. सवासहा रुपयांचा हा फरक धंदे दोन असल्याचा फायदा होय. १९१८ च्या ७ व्या कायद्यानें दराकरितां सर्व उत्पन्नांची बेरीज करण्याचा नियम घातला, तेव्हां तो फायदा गेला. आमच्या मतें या सर्व इतिहासांतील निर्णायक साल हेंच आहे. या सालीं प्रथम सरकारच्या कागदावर दोन धंद्यांमागील असामी एक म्हणून उभी राहिली. लगेच १९२२ च्या ११ व्या कायद्यानें सहा सदरें केलीं, त्यांत धंदा व विद्येच्या जोरावरील व्यवसाय हीं दोन निरनिराळीं ठेविलीं, परंतु एका सदराची तूट त्याच वर्षीं दुसऱ्या सदराच्या जमेंतून वजा करण्यास मुभा दिली. धंद्याची उरलेली तूट पुढील वर्षांस ओढण्याची सोय १९३९ त झाली. बेरीज करावयाची तर वजाबाकीही करूं द्यावी, हा न्याय होता.

शेत मात्र बेरजेबाहेरच राहिलें. पुढें १९७३ त, राज समितीच्या शिफारशीनंतर, शेतीचें उत्पन्न करमुक्त ठेवूनही इतर उत्पन्नाचा दर ठरविण्यापुरतें तें मिळवावें असा नियम झाला. १९१८ ची बेरीज अशी पंचावन्न वर्षांनीं बांधापर्यंत पोहोंचली.

असामी एक झाली असें म्हणतांना एक मोठा अपवाद सांगितला पाहिजे, व तो आमच्या विषयाचा अत्यंत रसाळ भाग आहे. तो म्हणजे एकत्र कुटुंब. विज्ञानेश्वरानें याज्ञवल्क्यस्मृतीवरील मिताक्षरा टीका सहाव्या विक्रमादित्य चालुक्याच्या काळीं कल्याण येथें लिहिली. तें कल्याण, आजचें बसवकल्याण, सोलापुराहून फार दूर नाहीं. वडिलार्जित धनास धक्का न लावतां जें मिळविलें तें मिळविणाऱ्याचें स्वतःचें, हा तेथील सिद्धान्त. विद्याधनाचा वाद याच्या पोटांतला. कुटुंबाच्या खर्चानें शिकून कोणी वैद्य वा वकील झाला, तर त्याची मिळकत घराची कीं त्याची? १९२१ सालीं गोकुळचंद विरुद्ध हुकूमचंद या मुकदम्यांत प्रिव्ही कौन्सिलनें, कुटुंबाच्या पैशानें विलायतेस शिकून सनदी नोकरी मिळविलेल्या गृहस्थाची मिळकत कुटुंबाची ठरविली. त्यावर देशभर चर्चा होऊन १९३० त विद्याधनाचा कायदा झाला, व विद्येची मिळकत ती मिळविणाऱ्याचीच, शिक्षणाचा खर्च कोणीही केलेला असो, असें ठरलें.

कराशीं याचा संबंध असा. १८८६ च्या कायद्यांतच ‘व्यक्ति’ या शब्दांत अविभक्त हिंदु कुटुंबाचा समावेश होता. तेव्हां घरचे माग व सुताचें दुकान कुटुंबाचें, व कर्त्याची ज्योतिषाची वा वैद्यकीची प्राप्ति त्याची स्वतःची, असें ठरल्यास एकाच मनुष्याच्या दोन ओळी कायदेशीरपणें निराळ्या झाल्या. मोहतर्फ्याच्या यादींत त्या वाचणाऱ्याच्या दृष्टिदोषानें दोन दिसत. येथें कायद्यानेंच त्या दोन केल्या. वांटणीपत्रें, फारकती व समजुतीचे कागद यांचें महत्त्व यामुळें वाढतें. ज्या सालीं घरानें कागदोपत्रीं वांटणी केली तें साल जर करदर चढल्याचें असेल, तर भांडण खरें होतें कीं हिशेबी, असा प्रश्न विचारणें रास्त आहे.

स्वातंत्र्योत्तर काळाचें विवेचन लांबविण्याचें कारण नाहीं. पण दोन गोष्टी जुन्या प्रश्नास इतक्या जवळच्या आहेत कीं त्या टाळवत नाहींत. महाराष्ट्रांत १ एप्रिल १९७५ पासून व्यवसायकर आला. राज्यघटनेच्या २७६ व्या कलमानें अशा कराची कमाल मर्यादा माणशीं वर्षास अडीचशें रुपये ठेविली होती, ती १९८८ त अडीच हजार झाली. या कराच्या परिशिष्टांत एकच व्यक्ति अनेक नोंदींत येत असेल, तर ज्या नोंदीचा दर सर्वांत अधिक तेवढाच तिला लागू, असें सांगितलें आहे. सूत व ज्वारी विकणाऱ्यानें चाळीस द्यावे, तीस नव्हेत व सत्तरही नव्हेत; कौटिल्यानें मोकळा सोडलेला प्रश्न असा सुटला. दुसरी गोष्ट अशी. १९३९ च्या दुरुस्तीनें धंदा व व्यवसाय एका सदरांत आणले होते, व १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यांत पुढें लहान दुकानदाराच्या उलाढालीचा शेकडा आठ आणि वैद्यकी-वकिलीसारख्या ठराविक व्यवसायांत जमेचा निम्मा हा नफा गृहीत धरण्याची सोय झाली. वह्या न तपासतां बाहेरून दिसणाऱ्या मानावर आकारणी करण्याची ही रीत मोहतर्फ्याचीच नात आहे. परंतु दुकानदारीच्या त्या कलमांत, ठराविक व्यवसाय करणाऱ्या ‘व्यक्तीस’ हें कलम लागू नाहीं असे शब्द पडले. मग जो वैद्य शेजारीं किराणा दुकानही चालवितो, त्याच्या दुकानास ही सवलत आहे कीं नाहीं, असा वाद उभा राहिला. ‘व्यक्ति’ ऐवजी ‘व्यवसाय’ हा शब्द असता तर वाद नव्हता. एकैक शब्दाचा अन्वय करणाऱ्या टीकाकारांस ही शंका परकी वाटली नसती.

आतां वह्यांच्या कालगणनेकडे वळूं, कारण संग्राहकांची फसगत तेथें अधिक होते. दोन धंद्यांचें घर बहुधा दोन वर्षारंभांचें असतें. शेताचा हिशेब मृगाबरोबर सुरू होणाऱ्या शुहूर वा फसली सनाचा. दुकानाचा हिशेब दिवाळींतील वहीपूजनानंतर कार्तिक शुद्ध प्रतिपदेपासूनचा. एकच दिवस घेऊं: शके १७१७ ची कार्तिक शुद्ध प्रतिपदा. इसवी सन १७९५. गुजराथी वा मारवाडी पेढीवर त्या दिवशीं संवत् १८५२ लागला. मृगापासून शुहूर सन सीत तिसैन मया व अलफ, म्हणजे ११९६, चालूच होता. व फसली १२०५. शेताच्या वहींतील वर्षअखेर व दुकानाच्या वहींतील वर्षअखेर यांत पांच महिन्यांचें अंतर पडतें. दुकानाच्या खतावणींत ‘शेत खातें’ म्हणून जी रक्कम नांवें पडली, ती शेताच्या वहींत पुढच्या सनाच्या जमेस दिसली, म्हणजे वाचणाऱ्यास ती दुसरीच रक्कम वाटते. पुढें १९२२ च्या कायद्यानेंही निरनिराळ्या उत्पन्नास निरनिराळें हिशेबी वर्ष ठेवूं दिलें होतें. दिवाळीचें वर्ष त्यामुळें कराच्या कागदांत टिकून राहिलें. १९८७ च्या दुरुस्तीनें १९८९–९० च्या आकारणीपासून सर्वांस एप्रिल ते मार्च हें एकच वर्ष लागलें. तेव्हांपासून दिवाळीची वही पूजेपुरती राहिली.

१८४४ नंतर मोहतर्फ्याच्या याद्या नाहींत. १८८६ नंतर पांचशें रुपयांखालील मनुष्य करदात्यांत नाहीं, आणि सोलापुरचा सामान्य विणकर त्या मर्यादेस क्वचित् पोहोंचणारा. १९०१ च्या खानेसुमारींत मुख्य व दुय्यम धंदा असे दोन रकाने होते, पण तेथें मिळतात ते आंकडे, घरें मिळत नाहींत. अशा घराचे दोन्ही धंदे एकत्र दाखविणारा पुरावा त्याच्या रोजकीर्दी व खतावण्या हाच, आणि त्याहून गरीब असल्यास त्याच्या सावकाराच्या वहींतील त्याचें पान. आणि नेमक्या याच वह्या आपल्या डोळ्यांदेखत फुटत आहेत. शहरांतील एका घराण्याचें कपाट रिकामें झालें, तेव्हां शेताच्या वह्या एका संग्राहकानें मोडीच्या वळणासाठीं नेल्या, दुकानाच्या दुसऱ्यानें जुन्या शिक्क्यांच्या छापांसाठीं उचलल्या, व घरखर्चाच्या वह्या कोणासच नको म्हणून वजनावर गेल्या. दोन्ही गृहस्थ सज्जन आहेत. परंतु त्या वह्यांतील ‘शेत खातें’ व ‘दुकान खातें’ एकमेकांस ताडण्याचा मार्ग बंद झाला, आणि दोन्हीं धंद्यांतून उचल कोठें गेली हें सांगणारी घरखर्चाची वही तर नाहींशीच झाली.

यास्तव वह्यांचा गठ्ठा हातीं येतांच, तो सोडण्यापूर्वीं, कोणत्या रुमालांत कोणत्या वह्या एकत्र बांधलेल्या होत्या तें टिपून ठेवावें. प्रत्येक वहीचा वर्षारंभ मृगाचा, चैत्राचा कीं कार्तिकाचा हें पहिल्या पानावरून लिहावें. उचंत खातें, घरखर्च खातें व एका वहींतून दुसरींत गेलेल्या रकमा यांची स्वतंत्र टांचणें करावीं. वह्या दोघांनीं वांटून घ्यावयाच्याच असतील तर प्रथम सर्वांचीं छायाचित्रें एकत्र घेऊन एक प्रत मूळ घरीं ठेवावी. सोलापूर, बार्शी, पंढरपूर, करमाळा या भागांतील माग व शेत अशा दुहेरी घरांच्या १८४४ ते १८८६ या काळांतील वह्या कोणापाशीं अखंड असल्यास त्यांची नुसती यादी जरी या त्रैमासिकांत आली, तरी पुढील काम करतां येईल.